आपलं जंगल वाढतंय, पण कुणाच्या जमिनीवर?

वडापावच्या गाडीवर कढईशेजारी ठेवलेला तेलाचा डबा कधी वाचलाय? बऱ्याचदा त्यावर ‘पामोलिन’ लिहिलेलं असतं. वेफर्स, क्रीमची बिस्किटं, हॉस्टेलवर रात्री बारा वाजता शिजणारे नूडल्स... पाकिटावरच्या बारीक अक्षरांत पाम तेल सापडतंच. भारत हा जगातला सर्वांत मोठा पाम तेल आयातदार आहे. २०२३-२४ मध्ये आपण सुमारे ९० लाख टन पाम तेल बाहेरून आणलं, मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियातून. हेक्टरी साडेतीन टन तेल मिळतं असं धरून साधा भागाकार करा. उत्तर येतं २५ लाख हेक्टरांच्या वर, म्हणजे गोव्याच्या जवळपास सातपट जमीन. ती आपल्या नकाशावर नाही, पण राबते आपल्यासाठी.

हा दूरच्या जमिनीचा हिशेब भूगोलात गांभीर्यानं मांडला जातोय, त्यात बेल्जियन भूगोलतज्ज्ञ एरिक लॅम्बिन यांचं नाव मोठं आहे. उपग्रहाची छायाचित्रं, व्यापाराचे आकडे आणि प्रत्यक्ष पाहणी यांची सांगड घालून जमिनीचा वापर का बदलतो, हे ते अभ्यासतात. २०१९ मध्ये त्यांना ब्लू प्लॅनेट पुरस्कार मिळाला.

व्हिएतनामचं कोडं

१९९० च्या दशकात व्हिएतनामनं नैसर्गिक जंगलांतल्या तोडीवर कडक निर्बंध आणले, उघड्या डोंगरांवर झाडं लावली. दशकाच्या सुरुवातीला तीस टक्क्यांच्या आत-बाहेर असलेलं वनक्षेत्र २००५ पर्यंत ३८ टक्क्यांवर गेलं. जगानं कौतुक केलं. पण त्याच काळात तिथला फर्निचर उद्योगही जोरात वाढत होता. मग लाकूड येत कुठून होतं?

पॅट्रिक मेफ्रॉइट आणि लॅम्बिन यांनी २००९ मध्ये याचं उत्तर दिलं. १९८७ ते २००६ या काळात व्हिएतनामच्या जंगलात जी भर पडली, तिच्या ३९ टक्क्यांइतकी तोड दुसऱ्या देशांत सरकली होती. लाओस, कंबोडियासारख्या शेजाऱ्यांकडून लाकूड येत होतं आणि आयात लाकडापैकी जवळपास निम्मं बेकायदा होतं. जंगल खरंच वाढलं होतं, फक्त हिशेब अर्धाच मांडला जात होता.

आता आपल्याकडे बघू. २०२३ च्या वनस्थिती अहवालानुसार देशाचं वन आणि वृक्ष आच्छादन २५.१७ टक्के आहे. यातलं वनाच्छादन मोजताना एक हेक्टर किंवा त्याहून मोठा आणि दहा टक्के किंवा जास्त झाडांचं छत्र असलेला कुठलाही तुकडा धरला जातो. मग ते घनदाट रान असो की फळबाग. आणि आपल्या तेलासाठी बाहेर वापरली जाणारी जमीन तर या हिशेबात येतच नाही.

मग पाम तेल सोडायचं?

सोपं वाटतं, पण त्यानं गणित बिघडेल. एका हेक्टरमधून पामइतकं तेल दुसरं कुठलंच पीक देत नाही. तेवढंच तेल सोयाबीनमधून काढायचं तर कित्येक पट जमीन लागेल.

दुसरा मार्ग म्हणजे इथेच पिकवणं. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये त्यासाठी ११,०४० कोटी रुपयांचं राष्ट्रीय अभियान आणलं. लागवड १० लाख हेक्टरांवर न्यायचं उद्दिष्ट, भर ईशान्य भारत आणि अंदमानवर. आयात कमी व्हावी, हा हेतू रास्तच आहे. पण देशातल्या सर्वांत समृद्ध जैवविविधतेचे हे प्रदेश. लागवड पडीक शेतजमिनीवर झाली तर ठीक. रानाच्या जागी झाली, तर इंडोनेशियातलं नुकसान आपण फक्त घरी आणलं, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय वरून पाहिलं तर ऑइल पामचा मळाही हिरवाच दिसतो.

हे सगळं हाताबाहेर गेलंय असं मात्र नाही. ब्राझीलमध्ये २००४ साली ॲमेझॉनचं २७ हजार चौरस किलोमीटरहून जास्त जंगल तुटलं. २०१२ मध्ये हा आकडा पाच हजारांच्या खाली आला. उपग्रहावरून नजर आणि कायद्याचा बडगा होताच. त्याला जोड मिळाली २००६ च्या करारानं. नव्यानं तोडलेल्या जमिनीवरचं सोयाबीन घ्यायचं नाही, असं बड्या व्यापाऱ्यांनी ठरवलं. कंपन्यांची नुसती वचनं पुरत नाहीत, सरकार आणि बाजार दोघांनी मिळून जोर लावावा लागतो, हा लॅम्बिन यांच्याही मांडणीचा गाभा आहे.

युरोपियन युनियननं २०२३ मध्ये याच दिशेनं कायदा केला. कॉफी, कोको, पाम तेल, रबर, सोया, लाकूड आणि गुरांपासूनचा माल जंगलतोडीच्या जमिनीवरचा नाही, हे आयातदारानं दाखवायचं. अंमलबजावणी पुढे ढकलली गेली आहे, आणि प्लॉटचं नेमकं ठिकाण नोंदवण्याचा भार कोडगूच्या छोट्या कॉफी उत्पादकावरही पडणार, ही तक्रार खोटी नाही. पण निदान गिऱ्हाईक प्रश्न तरी विचारतंय.

पाम तेलाचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक आपण आहोत. हे तेल कुठल्या जमिनीवरचं, हे आपण विचारलं तर विकणाऱ्याला उत्तर द्यावंच लागेल. ते अजून आपण ठामपणे विचारलेलं नाही.