अनुदान कोणाच्या पंपाला?

शेतीच्या अनुदानाचा विषय निघाला की आपल्या वस्तीतला माणूस म्हणतो, आपल्याला त्याचे काय, आपल्याकडे रानच नाही. आम्ही म्हणतो, रान नाही म्हणूनच विचारा. साबण, चपला, चहापत्ती घेताना भूमिहीनही कर भरतोच.

जुलै 2024 मध्ये राज्य शासनाने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांची वीज मोफत केली. ग्राहक सुमारे 44 लाख आणि महावितरणला शासनाने वर्षाला द्यायचे सुमारे 14,760 कोटी रुपये, असा तेव्हाचा हिशेब होता. यात एकरभर कोरडवाहू रान कसेबसे भिजवणारा आहे, तसा उसाचा बागाईतदारही आहे. बिल दोघांनाही शून्य. पण ज्याचा पंप मोठा, त्याची सवलतही मोठी. उसाला पाणी किती लागते हे मांजरीकरांना आम्ही काय सांगावे? वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आपल्याच गावात आहे. केंद्राची 2019 ची पी.एम. किसान आणि राज्याची 2023 ची नमो शेतकरी योजनाही जमिनीचा मालक पाहूनच पैसे देते. दुसऱ्याच्या बांधावर खुरपणाऱ्या बाईचे नाव कुठेच नाही.

गरीब शेतकऱ्याची सवलत काढा असे आम्ही म्हणत नाही. आपलेही काही बांधव एक-दोन एकरांवर राबतात. पण प्रत्येक पंपाला मीटर बसवा, ठराविक युनिटपर्यंत वीज फुकट द्या आणि वरची वीज वापरणाऱ्याकडून बिल घ्या.

बाबासाहेबांनी 1947 च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये जमीन राज्याच्या मालकीची करून ती जात-धर्म न पाहता गावकऱ्यांना कसायला द्यावी, अशी मांडणी केली होती. ते झाले नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी 1959 व 1964 साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले. त्यांच्याच नावाने 2004 साली सबलीकरण व स्वाभिमान योजना आली. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन मिळते. विधवा व परित्यक्ता भगिनींना प्राधान्य आहे. आधी निम्मे कर्ज होते, 2018 पासून पूर्ण अनुदान झाले.

आता कारकुनी हिशेब करू. 2018 ची दरमर्यादा जिरायत एकराला 5 लाख, म्हणजे कुटुंबामागे 20 लाख. वीज सवलतीचा फक्त दहावा भाग वाचला तरी 1,476 कोटी होतात. त्यात वर्षाला 7,380 कुटुंबांना जमीन घेता येईल.

अडचण एक आहे. बागायतीची मर्यादा एकराला 8 लाख होती, आणि 2021 साली महापालिकेत आलेल्या मांजरी बुद्रुकात जमीन गुंठ्याच्या भावाने विकली जाते! या पैशात इथे कोण देणार? म्हणून दर बाजाराप्रमाणे ठरवावेत, तोवर जिल्ह्यातील लांबच्या तालुक्यांत जमीन शोधावी. ज्या घरात पात्र भगिनी असतील त्यांनी जातीचा दाखला, दारिद्र्यरेषेचा दाखला आणि भूमिहीन असल्याचा तलाठ्याचा दाखला काढून समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे अर्ज द्यावा. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नये.