डाएट कोणतं? घरात टिकेल ते!

मैत्रिणींनो, लग्नसराई आली की कुणी भात सोडते, कुणी नुसत्या सुपावर राहते. महिन्याभरात वजन उतरतं आणि दिवाळीच्या फराळाबरोबर परत चढतं. घरच्यांसाठी एक आणि आपल्यासाठी वेगळा, असा दोन-दोन स्वयंपाक किती दिवस जमणार? त्यापेक्षा सगळ्यांच्याच भाजीत तेल कमी घाला. पाच ग्रॅमच्या छोट्या चमचाभर तेलात ४५ कॅलरी असतात! ताटात उसळ, कोशिंबीर वाढवा, पोळी एक कमी घ्या. सगळ्यांच्या मागून बसून उरलंसुरलं ‘वाया नको’ म्हणून संपवू नका. आपलं पोट म्हणजे उरल्या भाताचं पातेलं नव्हे. मुळात मापातच शिजवा. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ झालं. वर्षानंतरही आनंदाने जेवता येईल, तेच खरं डाएट.