कोपऱ्यावरच्या दुकानाला कायद्यात जागा द्या

यूपीआयचे व्यवहार चाळून धाडलेल्या जीएसटी नोटिसांपोटी जुनी थकबाकी वसूल करणार नाही, असे कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी जुलै २०२५मध्ये सांगितले आणि बंगळुरूच्या छोट्या दुकानदारांनी ठरलेला बंद मागे घेतला. दिलासा योग्यच होता. पण जो नियम या दुकानांच्या मुळावर उठला आहे, त्याबद्दल सरकारने अवाक्षरही काढले नाही.

निवासी भागात चाळीस फुटांहून अरुंद रस्त्यावर व्यापार नको, हा तो शहराच्या आराखड्यातला नियम. बसवनगुडी आणि मल्लेश्वरम ही बंगळुरूच्या जुन्या पेठेतल्या प्लेगनंतर १८९८च्या सुमारास आखलेली उपनगरे. तिथल्या आडरस्त्यांवर घराच्या पुढच्या खोलीत किराणा, दूध, काँडिमेंट्स म्हणजे फराळाचे जिन्नस विकणारी दुकाने हीच शेजाराची ओळख. सकाळचे दूध तिथून येते, महिनाअखेरीस उधारी तिथे मिळते, एकट्या राहणाऱ्या आजींची चौकशी तिथेच होते. त्यांना बेकायदा ठरवणारा नियम संतापजनक आहे.

वस्तीत व्यापार नको म्हणणारे इंदिरानगर, कोरमंगलातले रहिवासी पब आणि पार्किंगने गांजले, ही तक्रार खरी. मग पब बंद करा. त्यासाठी वाण्याचा बळी कशाला? टोकियोच्या सर्वांत कडक निवासी विभागातही घराला जोडून पन्नास चौरस मीटरपर्यंतचे दुकान चालते आणि तिथली शांतता ढळत नाही.

मूळ दुखणे नियोजनातल्या आळसाचे आहे. २००७ साली मंजूर झालेला, शहराचा २०१५पर्यंतचा आराखडा २०२५मध्येही लागू होता. २०३१चा मसुदा गुंडाळला गेला. दरम्यान दहा मिनिटांत माल पोचवणाऱ्या कंपन्यांची गोदामे वस्त्यांत शिरली. भांडवल असलेल्याला वकील परवडतो. वाण्याला परवाना नाही, परवाना नाही म्हणून कर्ज नाही, आणि तपासनीस दारात आला की खिशात हात घालावा लागतो. मुंबई-पुण्यातही पुनर्विकासात चाळीखालची दुकाने अशीच नाहीशी होत आहेत.

ग्रेटर बंगळुरू प्राधिकरणाने नव्या आराखड्याची वाट पाहू नये. पन्नास चौरस मीटरपर्यंतच्या किराणा, दूध, भाजी, औषधे आणि इस्त्रीच्या दुकानांना रस्त्याची रुंदी न मोजता परवानगी देणारी दुरुस्ती याच वर्षी काढावी. पब आणि गोदामे त्या सवलतीतून स्पष्ट शब्दांत वगळावीत.