घोड्यावरचे बोट आणि नगावरची मजुरी

झाशी म्हटले की मराठी माणसाला किल्ला आणि नेवाळकरांची गादी आठवते. आजची झाशी मात्र कामगारांचीही आहे. १८९५ पासूनचा रेल्वेचा वॅगन दुरुस्ती कारखाना, सत्तरच्या दशकात आलेला ‘भेल’चा ट्रान्सफॉर्मर कारखाना आणि आता येऊ घातलेला संरक्षण उद्योगांचा पट्टा. मोठ्या कारखान्यांना दाबाच्या हवेवर चालणारी हत्यारे नवी नाहीत. तिथे पर्यवेक्षक असतो, नोंदवही असते, दवाखाना असतो. प्रश्न आहे तो सोफे, कपाटे, मालाची खोकी आणि पॅलेट बनवणाऱ्या चार-सहा माणसांच्या शेडचा. तिथे छोटा कॉम्प्रेसर आणि त्याच्या हवेने खिळे मारणारी नेलगन आली, पण तिच्यासोबत यायला हवी होती ती शिस्त आली नाही.

नेलगनच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. हातोडीने दिवसभर खिळे ठोकणाऱ्या सुताराचे मनगट आणि खांदा किती दुखतो, हे त्यालाच विचारावे. नेलगनने तो भार हलका केला. एका हाताने फळी धरून दुसऱ्या हाताने खिळा मारता येऊ लागला. हीच सोय धोक्याचीही आहे, कारण फळी धरणारा हात खिळ्याच्या वाटेत येतो. शिसवासारख्या कठीण लाकडात किंवा गाठीवर खिळा वळतो आणि कडेने बाहेर पडतो. म्हणून धरणारा हात निदान फूटभर लांब हवा आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

खरा वाद घोड्याचा आहे. एका प्रकारात घोडा दाबून धरला की नळीचे टोक लाकडाला टेकेल तितके खिळे सुटत जातात. दुसऱ्यात आधी टोक टेकवायचे, मग घोडा दाबायचा, आणि पुढच्या खिळ्यासाठी दोन्ही सोडून पुन्हा तेच करायचे. पहिल्याला सलग म्हणू, दुसऱ्याला एकेरी. सलग प्रकारात झटक्याने गन उसळते आणि परत टेकताच नको असलेला दुसरा खिळा सुटतो. घोड्यावर बोट ठेवून चालणाऱ्याची गन स्वतःच्या मांडीला किंवा शेजाऱ्याला लागली, तरी तेच घडते. अमेरिकेत शिकाऊ सुतारांवर झालेल्या अभ्यासांत सलग घोड्याने दुखापतीचा धोका जवळपास दुप्पट आढळला. तिथल्या सरकारी संस्थांनी २०११ साली काढलेल्या मार्गदर्शिकेत नेलगनच्या जखमांसाठी वर्षाला सुमारे ३७,००० जण तातडीच्या उपचारांना जातात, असा आकडा आहे. निम्म्याहून अधिक जखमा हाताच्या आणि बोटांच्या.

मालक म्हणेल, एकेरीने काम मागे पडते. त्याच मार्गदर्शिकेत एका छोट्या प्रयोगाचा उल्लेख आहे. अनुभवी सुतारांनी दोन्ही प्रकारांनी सारखीच लाकडी शेड बांधली. सलग घोड्याने खिळे मारण्याचा वेळ सरासरी १० टक्के वाचला, पण मापणे-कापणे धरून एकूण कामात तो फरक एक टक्क्याहूनही कमी होता. घोड्यापेक्षा माणसामाणसातला फरक मोठा निघाला. हा निष्कर्ष जसाच्या तसा पॅलेटच्या धंद्याला लावणे मात्र अन्यायाचे होईल. तिथे फळ्या आधीच कापलेल्या असतात आणि दिवसाचा मोठा भाग खिळे मारण्यातच जातो. सपाट, पक्क्या टेबलावर, शेजारी कोणी नसताना, शिकलेल्या हाताने सलग गन चालवली तर ती बंद करा असे आम्ही म्हणणार नाही. सोफ्याच्या सांगाड्यात, शिडीवर, अवघड कोपऱ्यात आणि नव्या पोराच्या हातात मात्र एकेरीच हवी. शंका असेल तिथेही एकेरीच.

कामगार बेफिकीर असतात, हे उत्तर आम्हाला पटत नाही. नगावर मजुरी ठरली की बोट घोड्यावरून हलत नाही, टोक टेकल्याशिवाय खिळा सुटू न देणारी सेफ्टी तारेने बांधली जाते आणि अडकलेला खिळा हवा चालू ठेवूनच उपसला जातो. घाई ठेक्याच्या भावात आधीच मोजलेली असते.

देखभालीचेही तेच. खिळा अडकला की आधी हवेचा पाईप काढायचा. जोडणी अशी हवी की पाईप निघताच गनमधली हवाही निघून जावी, नाहीतर आत कोंडलेल्या हवेवर एक खिळा सुटू शकतो. तेल लागणाऱ्या गनमध्ये रोज न्यूमॅटिक तेलाचे थोडे थेंब घालावेत. हाताला लागेल ते तेल घातले तर आतल्या रबरी कड्या खराब होतात. पाईप आणि खिळे काढून टोक दाबून पाहावे, ते झटकन परत यायला हवे. बुंदेलखंडच्या उन्हाळ्यातली धूळ तिथेच साचते आणि पावसाळ्यात टाकीत पाणी जमते, ते रोज काढावे. बहुतेक गन ७० ते १२० पीएसआयवर चालतात. खिळा पूर्ण बसत नाही म्हणून दाब वाढवण्याआधी पाईपची गळती आणि आतली झिजलेली पाती तपासावी. वीज गेली म्हणून शेजारच्या वेल्डिंगवाल्याचा ऑक्सिजन सिलिंडर तर कधीही जोडू नये, त्याने स्फोट होतो.

हे सगळे करायला दिवसाची पंधरा-वीस मिनिटे पुरतात, पण नगावर काम करणाऱ्याला ती मिनिटे आपल्या खिशातून द्यावी लागतात. म्हणून देखभालीचा वेळ मजुरीत धरला पाहिजे आणि तो मालकानेच धरला पाहिजे.

कायद्याचा आधार इथे तोकडा आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात विजेवर चालणारी दहा कामगारांची जागा कारखाना ठरत होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत ती मर्यादा वीसवर गेली. छोट्या धंद्याला कागदपत्रांच्या ओझ्यातून सूट हवी, हे मान्य. पण खिळ्याचा वेग माणसे मोजून कमी होत नाही.

निरीक्षक प्रत्येक शेडमध्ये पोहोचणार नाही, हेही खरे. शिकवण मात्र पोहोचू शकते. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारकाम आहे. पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, रोजचे ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. त्या दिवसांतला एक दिवस झाशीत दाबाच्या हवेच्या हत्यारांसाठी राखून ठेवावा. गन उघडून, साफ करून, पुन्हा जोडून दाखवावी. आणि मोठ्या कारखान्यांनी खोकी-पॅलेटचा ठेका देताना भावासोबत एकेरी घोड्याची आणि देखभालीच्या वेळेची अट लिहावी.