एका शहराचे किती पाऊस?

मुंबईत पाऊस किती पडला, असे विचारले की बातम्यांत दोन आकडे येतात: कुलाबा आणि सांताक्रूझ. मग ट्रॉम्ब्याच्या घराने कुठला धरायचा? आमचे उत्तर सोपे आहे, एकही नाही.

२६ जुलै २००५ आठवा. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्याला मात्र ७५ सुद्धा नाही. मध्ये अंतर वीस-बावीस किलोमीटरचे. गावाकडून फोनवर 'मुंबई बुडाली' म्हणून रडणारी खाला बरोबर होती आणि 'इथे तर काहीच नाही' म्हणणारा कुलाब्यातला भाचाही खोटे बोलत नव्हता.

थंडीचेही तेच. २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझचा पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला. कुलाब्याला तो ११.७ वर थांबला. कुलाब्याच्या तीन बाजूंना समुद्र आहे. पाणी हळू तापते आणि हळूच निवते, म्हणून तिथली रात्र फार गारठत नाही. दुपारी समुद्राकडून येणारे वारे जुहू-वरळीला आधी लागतात. ट्रॉम्ब्यापर्यंत यायचे तर त्यांना सगळे शहर ओलांडावे लागते, वाटेत डांबर आणि पत्रे तापलेले. मार्चमध्ये पूर्वेकडचे कोरडे वारे जोरात असले की हे समुद्री वारे उशिरा येतात आणि तेव्हाच उन्हाचा कडाका होतो. पत्र्याच्या खोलीत दुपारी दादी आणि तान्ह्या बाळाला ठेवू नये, ते याच दिवसांत. आमच्याकडे छतावर चुन्याचा हात मारतात. दिसायला साधा उपाय आहे, पण फरक पडतो.

एवढ्याशा शहरात हे, तर मोठ्या मुलखाचे काय? आपल्या घरांत म्हसळा-महाडची सून असते आणि सोलापूरचा जावईही. एकीला पावसाळ्यात कपडे वाळवायची चिंता, दुसऱ्याच्या घरी टँकरची. सह्याद्री ढगांना वर चढायला लावतो, ढग वर जाऊन थंड होतात आणि घाटावरच रिकामे होतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो. खाली वाईला हजाराचीही खात्री नाही. दक्षिण गोलार्धातला थंड, वादळी न्यूझीलंडही असाच. तिथे पश्चिमेचा बोचरा वारा डोंगराला धडकतो. मिलफर्ड साउंडला साडेसहा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, आणि डोंगरापलीकडच्या अलेक्झांड्राला जेमतेम साडेतीनशे. दोघांत सरळ रेषेत दीडशे किलोमीटरही नाहीत.

ट्रॉम्ब्याची टेकडी जेमतेम तीनशे मीटरची. ती पावसाळी वाऱ्याला सह्याद्रीसारखी अडवू शकत नाही. पण तिच्या उतारावरून पाणी वेगाने खाली येते आणि पायथ्याशी माणसे राहतात. १८ जुलै २०२१ च्या रात्री माहुल भागातील भारतनगरात भिंत कोसळून डझनाहून अधिक माणसे गेली. दुसऱ्या बाजूला खाडी. १९७६ मध्ये जनता कॉलनीतून उठवलेल्या कुटुंबांना चिता कॅम्पात आणून बसवले, ते या खाडीकाठच्या सखल जमिनीवर. इथे पावसाइतकीच भरतीही महत्त्वाची. साडेचार मीटरच्या वर भरती असताना जोराचा पाऊस आला तर नाल्याचे पाणी खाडीत उतरत नाही, उलट मागे फिरते.

म्हणून घरातल्या मुलामुलींना आम्ही एक काम सांगतो. पालिकेने शहरात जागोजागी स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले आहेत. आपल्या जवळचा कोणता, ते शोधून त्याचा आकडा पाहायचा; कुलाब्याचा कुलाबेकरांना राहू द्या. भरतीची वेळही रोज छापून येते. ती कागदावर लिहून दाराआड लावायची, सोबत पालिकेचा १९१६ हा मदत क्रमांक. उताराजवळ राहणाऱ्यांनी भिंतीला नवी भेग दिसली किंवा पाणी गढूळ होऊन झिरपू लागले, तर सकाळची वाट पाहू नये. रात्रीच म्हाताऱ्यांना आणि मुलांना घेऊन नातेवाइकांकडे जावे, सामान नंतर आणता येते.

शेजारी एकटी राहणारी बेवा असेल, तर जाताना तिचे दार आधी वाजवावे.