खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा

छावणीत दर गुरुवारी आठवडी बाजार भरतो. जनावरांच्या सौद्यात भाव तोंडाने बोलायचा नाही, रुमालाखाली समोरच्याची बोटे धरून सांगायचा, ही आपल्याकडच्या गुरांच्या बाजारांची जुनी रीत. भोवती शंभर माणसे उभी असली तरी आकडा दोघांतच राही. या रीतीत दलालांची लबाडी दडलेली असे, हे खरेच. पण पैशाचा आकडा चारचौघांत उघडा करायचा नसतो, ही जाणीवही तिच्यात होती.

ही रीत आठवण्याचे कारण परवाचा एक प्रसंग. छावणीतच राहणाऱ्या आमच्या एका प्राध्यापक मित्राने बँकेच्या खात्याचा सहा महिन्यांचा उतारा एका चॅटबॉटच्या हवाली केला आणि 'माझा पैसा जातो कुठे ते सांग' असे विचारले. चहा निवण्याच्या आत उत्तर आले. किराणा इतका, औषधे इतकी, पेट्रोल इतके. शिवाय 'टाळता येण्याजोगी हस्तांतरणे' असा एक वेगळा गट. त्या गटात काय होते? कन्नडला एकट्या राहणाऱ्या थोरल्या बहिणीला दरमहा पाठवलेले दोन हजार रुपये, आणि एका विद्यार्थ्याचे भरलेले परीक्षा शुल्क. फसलेला आणि परत जमा झालेला एक यूपीआय व्यवहार यंत्राने उत्पन्नात धरला होता, ते निराळेच. मित्र हसले. म्हणाले, "चुका होतात हो, पण निदान कोणीतरी वाचून तरी दिले!"

आमचा वाद या वाक्याशी आहे. आमच्या ओळखीचे कितीतरी शिक्षक आणि विद्यार्थी आज हेच करू लागले आहेत, आणि यालाच 'आर्थिक साक्षरता' म्हटले जात आहे. साहित्याच्या वर्गात ज्यांचे आयुष्य 'खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा' असे सांगण्यात गेले, त्यांनीच स्वतःचा उतारा वाचण्याचे काम दुसऱ्यावर सोपवावे, हे आम्हाला केवळ गमतीचे वाटत नाही.

प्रथम प्रतिपक्षाचे जे खरे आहे ते मान्य करू. बँकेचा उतारा वाचता येत नाही, ही तक्रार रास्त आहे. इंग्रजी आद्याक्षरे, बारा अंकी संदर्भक्रमांक, अर्धवट तोडलेली नावे. मराठीचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या माणसालाही आपलेच पैसे कोणाला गेले ते उमगू नये, अशी त्याची भाषा. भारतीय रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या जूनमध्ये बँकांना बजावले होते की पासबुकात आणि उताऱ्यात दुर्बोध नोंदी टाळाव्यात, थोडक्यात पण समजतील असे तपशील द्यावेत. आपल्या हातातला उतारा पाहिला की या सूचनेचे काय झाले ते कळते. तेव्हा दोष आहे, आणि तो वाचकाचा नाही. पण दुर्बोध मजकुरावर उपाय कोणता? मजकूर सुबोध करून मागणे, की दुर्बोधतेच्या जोरावर उभा राहिलेला नवा मध्यस्थ स्वीकारणे?

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर चालून गेले आणि पुढे पुणे-नगर भागात गावोगावी तसेच घडले. त्या उठावात शेतकऱ्यांचा मुख्य रोख सावकारांच्या जिवावर नव्हता. त्यांनी मागितली आणि जाळली ती खतपत्रे आणि हिशेबाच्या वह्या. कर्ज शेतकऱ्याचे, अंगठा शेतकऱ्याचा, पण वही सावकाराच्या घरी आणि ती वाचणाराही त्याचाच. या उठावानंतर चौकशी आयोग बसला आणि १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्या कायद्याने शेतकऱ्याला तीन साधे हक्क दिले: दिलेल्या पैशाची लेखी पावती, वर्षाकाठी हिशेबाचा उतारा, आणि मागितल्यास पासबुक. आज मोबाइलवर एका बोटाने उतरवून घेतो त्या उताऱ्यामागे हा इतिहास आहे. आपला हिशेब आपल्या हाती असावा यासाठी कोणीतरी तुरुंगात गेले होते.

चार वर्षांनी, १८८३ मध्ये, महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. कुळकर्णी आणि सावकार यांच्या कागदांत अडकलेला निरक्षर शेतकरी त्यांनी दाखवला, तेव्हा अधिक प्रामाणिक कुळकर्णी नेमा एवढेच सांगून ते थांबले नाहीत. त्यांचे उत्तर विद्या हे होते. आमचे काही मित्र म्हणतात की चॅटबॉट हाच आजचा मुक्तिदाता, कारण त्याने कुळकर्ण्याची गरज संपवली. आम्हाला उलट वाटते. कुळकर्णी निदान गावातला होता, त्याच्या दप्तराची जागा ठाऊक होती, प्रसंगी त्याच्या दारात जाऊन उभे राहता येत होते. या नव्या कुळकर्ण्याचे दप्तर कोणत्या देशात आहे, त्यात आपल्याविषयी काय लिहिले गेले आणि ते कोण वाचते, हे आपणास माहीत नसते.

हे निव्वळ संशयाचे बोलणे नाही. अमेरिकेत 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ओपनएआयवर भरलेल्या खटल्यात मे २०२५ मध्ये न्यायालयाने आदेश दिला की वापरकर्त्यांनी पुसून टाकलेली संभाषणेही जपून ठेवावीत. काही महिन्यांनी हे बंधन उठले. पण 'पुसले' म्हणजे नाहीसे झाले असे नव्हे, एवढे त्यातून कळले. आपल्या केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ च्या अखेरीस आपल्या कर्मचाऱ्यांना सांगितले की कार्यालयीन संगणकांवर चॅटजीपीटी, डीपसीक यांसारखी साधने वापरू नका, कारण सरकारी माहितीच्या गोपनीयतेला धोका आहे. सरकारची कागदपत्रे जपण्याजोगी आणि प्राध्यापकाचा सहा महिन्यांचा संसार मात्र नाही, असे कसे? त्याच वर्षी अशा सेवांच्या सशुल्क आवृत्त्या भारतीय ग्राहकांना वर्ष-वर्षभर फुकट वाटण्यात आल्या. छावणीच्या बाजारात कोणी फुकट काही देऊ लागला तर आपण दोन पावले मागे सरतो. येथे मात्र पुढे सरतो!

'माझे आहे, मी देतो, तुमचे काय गेले?' असे यावर विचारले जाते. उतारा माझा, हे अर्धेच खरे आहे. त्यात बहिणीचे नाव आहे, विद्यार्थ्याचे आहे, औषधाच्या दुकानाचे आहे, हातउसने घेणाऱ्या शेजाऱ्याचे आहे. त्यांपैकी कोणालाही आम्ही विचारलेले नसते. तुकोबांची कथा येथे आठवते. महिपतींच्या चरित्रानुसार सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत सोडण्यापूर्वी तुकोबांनी त्यांचे दोन वाटे केले, धाकट्या कान्होबाचा वाटा त्याच्या हाती दिला आणि फक्त आपला वाटा पाण्यात टाकला. ज्याने सर्वस्व सोडले त्याने भावाच्या कागदांवर आपला हक्क सांगितला नाही. आम्ही मात्र बहिणीचे नाव, तारीख आणि रक्कम यांसह परक्याच्या हाती देतो, तेही महिन्याच्या खर्चाची बेरीज करण्यासाठी.

कायदा येथे फारसा उपयोगी पडत नाही. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅनरा बँकेच्या प्रकरणात म्हटले होते की ग्राहकाने कागद बँकेत दिले म्हणून त्यांवरचा त्याचा खासगीपणा संपत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यांतली मुख्य बंधने अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. पण व्यक्तीने घरगुती कामासाठी वापरलेली माहिती या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. म्हणजे बहिणीचे नाव उघडे केल्याबद्दल कोणी आमच्या मित्राला जाब विचारणार नाही. तो त्यांनी स्वतःलाच विचारायचा आहे.

आता मूळ मुद्दा, वाचनाचा. जमाखर्च हा मजकूर आहे, हे मराठी अभ्यासकाला सांगावे लागू नये. पेशवे दप्तरातल्या हिशेबांवरून इतिहासकारांनी त्या काळचा संसार उभा केला: कोणाच्या लग्नात किती तूप लागले, कोणत्या आजारात कोणता वैद्य आला, कोणाला गुपचूप दान गेले. आकड्यांमागची माणसे वाचण्याची ही विद्या आहे. यंत्राने आमच्या मित्राचे दोन हजार 'टाळता येण्याजोगे' ठरवले ते गणित चुकले म्हणून नव्हे. वर्गवारी हीच एक भूमिका असते. बहिणीचे देणे कोणत्या रकान्यात घालायचे यात आयुष्याविषयीचे एक मत दडलेले असते. कादंबरीच्या समीक्षेत कोणी असे रकाने पाडले तर आम्ही पाने भरभरून वाद घालतो. स्वतःच्या संसाराची समीक्षा मात्र निमूटपणे स्वीकारतो.

'सामान्य माणसाला हे जमत नाही' हा शेवटचा आक्षेप. ज्या मराठवाड्यात आम्ही राहतो तेथे निजामाच्या अमलात हाली रुपया चाले आणि सीमेपलीकडे कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशेब मुंबई इलाख्याशी व्यवहार करणाऱ्या साध्या माणसांनाही मनात करावा लागे. त्यांच्या नातवंडांना बेरीज-वजाबाकी झेपत नाही, हे आम्ही मानणार नाही. झेपत नाही ते बसणे. एखाद्या रविवारी उतारा कागदावर छापून घ्यावा, पेन्सिल घ्यावी, एकेका ओळीपुढे आपल्या भाषेत लिहावे: हे ताईला, हे औषधाला, हे उगीच. जी ओळ कळत नाही तिच्यासाठी शाखेत जावे आणि मराठीत उत्तर मागावे. यंत्राची मदत घ्यायचीच तर नावे, खातेक्रमांक, तारखा वगळून नुसते आकडे द्यावेत आणि बेरीज पुन्हा पडताळावी. त्याला आमची हरकत नाही.

छावणीतून दौलताबादचा रस्ता धरला की अर्ध्या तासात देवगिरीचा किल्ला दिसतो. जनार्दनस्वामींच्या सेवेत असलेल्या तरुण एकनाथांनी तेथे रात्रभर जागून हिशेबातली एका पैची चूक शोधली आणि ती सापडताच टाळी वाजवली, ही आख्यायिका मराठी शाळेत गेलेल्या बहुतेकांना ठाऊक आहे. गुरूंनी त्या पैचे कौतुक केले नाही. असे चित्त परमार्थात लागले तर काय होईल, असे ते म्हणाले. आज ती पै यंत्र क्षणात शोधून देईलही. पण रात्रभर जागलेला एकनाथ त्याला देता येणार नाही. आमच्या मित्रांनी निदान एकदा स्वतःच्या उताऱ्यापाशी असे बसून पाहावे, आणि मग बहिणीचे दोन हजार कोणत्या रकान्यात घालायचे ते आपल्या हाताने लिहावे.