स्वॅपची ज्येष्ठता कोणी ठरवावी?

लिनक्सचे सर्व्हर सांभाळणाऱ्या मंडळींत एक मत बरेच रूढ आहे. ‘एफएसटॅब फायलीत स्वॅपच्या ओळी ज्या क्रमाने लिहाव्यात त्याच क्रमाने ते स्वॅप पूर्वी रुजू होत; सिस्टिमडीने ही शिस्त मोडली; सबब त्या ओळी काढून, संगणक सुरू होण्याच्या अखेरीस चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये काही सेकंदांचा विलंब घालावा आणि स्वॅपऑनचे हुकूम हव्या त्या क्रमाने द्यावेत,’ असा हा पूर्वपक्ष आहे.

त्यातील सत्यांश प्रथम मान्य केला पाहिजे. जुन्या व्यवस्थेत स्क्रिप्टा एकामागून एक चालत आणि ‘स्वॅपऑन -ए’ ही आज्ञा फाईल वरून खाली वाचत जाई. २०१० साली आलेल्या सिस्टिमडीत मात्र प्रत्येक ओळीचे स्वतंत्र युनिट बनते आणि ज्याचे उपकरण आधी गवसेल ते आधी रुजू होते. परंतु एवढ्यावरून निघणारा निष्कर्ष टिकत नाही. प्राधान्य न दिलेल्या स्वॅपला कर्नेल ऋण अंक देतो आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला त्याहून एक पायरी खालचा. त्यामुळे एसएसडी व फिरती डिस्क या दोहोंवर स्वॅप असलेल्या यंत्रात ‘स्वॅपऑन --शो’ आज एसएसडीपुढे -२ व डिस्कपुढे -३ दाखवील, आणि उद्या नेमके उलटे. लिहिणाऱ्याने निर्णय न दिल्यामुळेच तो शर्यतीच्या हाती गेला, हे येथे उघड आहे.

विलंबाचा उपाय तर मुळातच सदोष आहे. जुन्या डेबियनची सुरुवातीची स्क्रिप्टसुद्धा मूळ फाइलसिस्टिमच्या तपासणीपूर्वीच स्वॅप चालू करी, कारण त्या तपासणीला पुष्कळ स्मृती लागते. अखेरीस स्वॅप चालू करणारा जुन्या शिस्तीचाच भंग करतो. शिवाय पुष्कळ वेळा दोष क्रमात नसतोच. ‘एमकेस्वॅप’ पुन्हा चालवल्यावर यूयूआयडी बदलतो, एफएसटॅबमध्ये जुनाच राहतो, आणि यंत्र त्या नाहीशा झालेल्या उपकरणाची दीड मिनिट प्रतीक्षा करते. घर बदलून गेलेल्या माणसाची जुन्या दारात कितीही वाट पाहिली तरी तो यावयाचा नाही.

मग सिद्धांत कोणता? वापराचा क्रम आणि अवलंबनाचा क्रम हे दोन भिन्न प्रश्न आहेत, आणि दोहोंची उत्तरे लेखी द्यावीत. वापराच्या क्रमासाठी एसएसडीच्या ओळीत ‘पीआरआय=१००’ व डिस्कच्या ओळीत ‘पीआरआय=१०’ अशी नोंद करावी; मग कोण आधी पोहोचला याला महत्त्वच उरत नाही. ० ते ३२७६७ यांतील कोणताही अंक चालतो, आणि अंक समान असल्यास दोन्ही जागा आळीपाळीने वापरल्या जातात. अवलंबनाच्या बाबतीत, स्वॅप-फाईल ज्या फाइलसिस्टिमवर आहे तिच्या माउंटची वाट सिस्टिमडी आपण होऊन पाहतो. प्रत्येक वेळी नव्या किल्लीने कूटबद्ध होणाऱ्या स्वॅपची नोंद मात्र क्रिप्टटॅबमध्ये करून, एफएसटॅबमध्ये यूयूआयडीऐवजी त्याचे मॅपरमधील नाव द्यावे. बिघाड शोधतानाही हीच पद्धत पाळावी: ‘बीएलकेआयडी’ने यूयूआयडी ताडून पाहावा, ‘जर्नलसीटीएल -बी’मध्ये कोणते युनिट कशासाठी अडले ते वाचावे, आणि फाईल दुरुस्त केल्यावर ‘डीमन-रीलोड’ करण्यास विसरू नये.

विलंबाच्या पाच सेकंदांमागील हेतू उद्या त्या जागी येणाऱ्या प्रशासकाला कळणार नाही; ‘पीआरआय=१००’ ही नोंद तो हेतू स्पष्ट सांगते, म्हणूनच तिचा पक्ष घेणे मी कर्तव्य समजतो.